सागाखालचं विरजण

कडूआप्पांचं नाव कडू का, हे चांदनी स्टेशनाजवळच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नसे. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला कडू म्हटलं. कडू वस्तू यमसुद्धा तोंडात धरतो आणि थुंकून टाकतो, असा त्या माउलीचा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. कडू जगला, वाढला, सत्तरीला टेकला. आणि अशा नावाच्या माणसाच्या हातात एवढी गोडी कुठून आली म्हणून गाव आयुष्यभर त्यांची चेष्टा करत राहिलं.

गोडी विरजणाची. दुधाच्या नव्हे, मातीच्या. केळीचं रोप लावलं की त्याच्या बुडाशी मूठभर जंगलची माती टाकायची, ही रीत त्यांच्या वडिलांनी, भाईदासनं, घालून दिली. भाईदास म्हणायचा, दूध आपलं आपण दही होत नाही, त्याला जुन्या दह्याचा थेंब लागतो. वावराचं तसंच. खत टाका, पाणी सोडा, माती पिकते, पण हळूहळू आळशी होते. तिला जाग आणणारं काहीतरी तिच्याहून जुनं हवं. ते सातपुड्याच्या उतारावर, थोरल्या सागांच्या पाचोळ्याखाली मिळतं.

आप्पांनी हे विरजण कधी विकलं नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं यायची, आप्पा मूठ भरून त्यांच्या ओंजळीत सोडायचे आणि म्हणायचे, "ने, पण वाऱ्यावर उघडी धरू नको." खरंच त्यानं केळी वाढायची का? वाढायची. विरजण न घातलेल्यांचीही वाढायची, हेही खरं. पण श्रद्धेच्या माणसाला असले प्रश्न विचारून कुणाचं भलं झालं आहे?

एक मात्र मान्य करायला हवं. त्या मातीचं वेळापत्रक आप्पांना तोंडपाठ होतं. उन्हाळ्यात साग नागडा उभा राहतो, खाली पाचोळा पापडासारखा कडकड मोडतो, आणि माती बघावी तर मेलेली. पण कोपरभर खोल हात घातला की कळतं, मेलेलं काहीच नाही. गांडूळ स्वतःभोवती चिकट मातीची कोठी लिंपून, अंगाची गाठ मारून झोपलेलं असतं. उधई, म्हणजे वाळवी, ओल शोधत खाली उतरलेली असते. बुरशीचे धागे वाळून बसलेले, पण दम धरून. आषाढात पाचोळा मऊ पडला की ते सगळं हळूहळू वर येतं. पांढरे धागे पानाला पान शिवत जातात, जंगलभर गोधडी होते, आणि ती उचलली की खालून जो वास येतो तो आला की विरजण तयार. त्याआधी उचलायचं नाही. झोपलेलं लेकरू उचललं तर दिवसभर किरकिरतं, तशातली गत.

माती घेण्याआधी आप्पा सागाच्या बुडाशी मूठभर ज्वारी ठेवायचे आणि विचारायचे, "नेऊ का?" मग कुठंतरी पान हलेपर्यंत थांबायचे. पानं वाऱ्यानं हलतातच. पण आप्पा थांबायचे.

मागच्या काही वर्षांत हे वेळापत्रक बिघडायला लागलं होतं. कधी फाल्गुनात गारा, कधी ऐन दिवाळीत पाऊस, आणि मोहाच्या दिवसांत उतारावर लागलेली आग. यंदा तर चैत्रात चांगली झड लागली. कडक ऊन पडायच्या दिवसांत सागाखाली छत्र्या उगवल्या. पोरं टोपल्या घेऊन धावली, गावात हसणं-खिदळणं झालं. आप्पा त्या पांढऱ्या छत्र्या बघून आले आणि ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा गार होऊ दिला.

"काय झालं?" गोदाबाईनं, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"जंगल उठलं ना व. आता वैशाख येईन. उठलेल्याले खायले काय देशील?"

वैशाख आला तो भट्टी होऊनच आला. तापीच्या काठचे दगड हात लावू देईनात. राजघाटावर आंघोळीला गेलेली माणसं म्हणायची की पाणीसुद्धा कढत लागतं. आप्पांचं लक्ष सतत वरच्या उताराकडे होतं, आणि मनात धास्ती बसली होती.

धास्ती स्वतःसाठी नव्हती. होती ती सुनेच्या बागेसाठी.

सून वैजयंती बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातली, शाळामास्तरांची मुलगी. नवरा मोहित, म्हणजे आप्पांचा एकुलता एक, इंदोरला नोकरीला. लग्नानंतर वैजयंतीनं इंदोरचं एका खोलीचं घर काही महिने बघितलं आणि सरळ गावी येऊन राहिली. घरची पडीक जमीन तिनं मागून घेतली, दगड वेचले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, आणि यंदा पहिल्यांदा केळी लावली. नवऱ्याशी तिचा करार होता: ही बाग उभी राहिली की मोहितनं नोकरी सोडून घरी यायचं. मोहित फोनवर हसत म्हणायचा, "तू पहिला घड काट, मैं बोरिया-बिस्तर लेके हाजिर." आप्पा हे पलीकडच्या खोलीतून ऐकायचे. म्हातारपणी मुलगा घरात असावा, एवढंच त्यांना आता हवं होतं. ती बाग म्हणजे त्यांच्या लेखी मुलाच्या परतीची वाट होती.

आता घरातली एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच बिघडलं. वैजयंती सासऱ्यांशी थेट बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. त्या घरात सून सासऱ्याला काही सांगायचं तर सासूच्या तोंडून सांगते. बुऱ्हाणपूरच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, "ए, कौनसे जमाने में रहती है?" पण तिला त्यात मजा वाटायची. आप्पा समोर बसलेले असले तरी ती म्हणायची, "आई, मामांना विचारा, भाजीत मीठ बरोबर आहे का?" आणि आप्पा गोदाबाईला म्हणायचे, "तिले सांग, कमी आहे." सगळे हसायचे.

दुसरीही एक रीत होती. ती हसण्यासारखी नव्हती. केळीला जो रोग येतो, खालची पानं पिवळी पडून झाड उभ्या उभ्या वाळतं, खोड कापलं तर आत पांढऱ्याऐवजी तपकिरी कडी निघते, त्याला मर म्हणतात. पण हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. ज्या घरानं एवढी लेकरं पुरली त्या घरात 'मर' म्हणायचं कसं? गावातही तेच. "त्याच्या वावरात ते आलं," म्हणायचे, नाहीतर "ऊन लागलं". न उच्चारलेला रोग जणू बांधावरून परत जातो!

ज्येष्ठ संपता संपता वैजयंतीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. माहेरी निघण्याआधी संध्याकाळी ती चुलीजवळ गोदाबाईशी बोलली.

"आई, मामांना नीट सांगा. यंदा बाहेरची माती माझ्या बागेत बिल्कुल नको. कुणाच्या वावरातली नको, नाल्यातली नको, कुणाच्या चपलेला लागलेलीसुद्धा नको. मर मातीतून येते. एकदा आली की ती जमीन केळीसाठी गेली, पक्की."

"हळू बोल व माय, दिवा लागू राहिला," गोदाबाई दचकून म्हणाली. "आन् जंगलची?"

"जंगलची चालेल. तिथं केळीच नाही तर रोग कुठून असणार? पण फक्त वरची, सागाखालची. सांगाल ना?"

"सांगते ना."

आणि गोदाबाईनं सांगितलं. आयुष्यभर दोन्हीकडच्या शब्दांची टोकं घासून गुळगुळीत करण्याची तिला सवय. रात्री जेवताना नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढत ती म्हणाली, "सून म्हणे, यंदा तुम्ही फार दमू नका. तुमची जंगलची माती तेवढी पडली तिच्या बागेत, म्हणजे झालं."

मर गेली, नाला गेला, चप्पल गेली. राहिली ती गोड विनंती. आप्पांना भाकरी गोड लागली. शिकल्या-सवरल्या सुनेनं आपलं विरजण मागितलं! आता तर आणायलाच हवं होतं.

सून माहेरी गेल्यावर बैलगाडी जुंपून, पोती टाकून आप्पा उतारावर गेले. आषाढ लागला होता, पाऊसही बऱ्यापैकी झाला होता. नेहमीच्या थोरल्या सागाखाली त्यांनी पाचोळा उचलला आणि हात तसाच राहिला. गोधडी नव्हती. पानं सुटी सुटी, मागच्या वर्षाची, त्याच्या मागच्याही वर्षाची, न कुजता एकावर एक पडलेली. खालची माती पिठासारखी बोटांतून गळाली. वास घेतला. वास नव्हता. त्यांनी कोपरभर खणलं. गांडुळाची कोठी सापडली, छान लिंपलेली, गोल, आणि आत सुतासारखं काहीतरी वाळून पडलेलं. बोट लावलं तर तेही मोडलं.

दुसरा साग बघितला, तिसरा बघितला. चैत्रात वर आलेलं सगळं वैशाखानं पकडलं होतं, परत खाली जायला त्याला सवड मिळाली नव्हती. वर पाऊस पडत होता आणि त्या पावसाला उत्तर द्यायला खाली कुणी नव्हतं. एवढ्या मोठ्या जंगलाखाली अशी शांतता आप्पांनी कधी ऐकली नव्हती. ज्वारीची मूठ हातात धरून ते उभे राहिले. पण "नेऊ का?" हे विचारायचं तोंडच होईना. विचारायचं कुणाला? आप्पा घाबरले. उघड्या जंगलात, भर दुपारी, एवढा मोठा माणूस घाबरला आणि घाईघाईनं गाडीकडे आला.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे गावात येऊन सांगता आलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आयुष्यभर लोकांनी ज्या मुठीकडे आशेनं बघितलं ती उघडून रिकामी दाखवायची, आणि तीही सुनेनं पहिल्यांदा मागितल्यावर? रिकामी पोती घेऊन घरी जायला बैलांपेक्षा आप्पांचेच पाय तयार नव्हते.

उतार संपतो तिथं नाला आहे. नाल्याच्या काठी प्रभाकरचं वावर. प्रभाकर आप्पांचा लहानपणापासूनचा सोबती, मागच्या हिवाळ्यात त्याची अर्धी केळी वाळली होती. "ऊन लागलं," प्रभाकर म्हणाला होता. हिवाळ्यात कसलं ऊन, असं कुणी विचारलं नव्हतं, आप्पांनीही नाही. ती खोडं उपटून त्यानं नाल्यात ढकलली होती. ढीग कुजून बसला होता. गाडी तिथून जाताना आप्पांना वास आला.

तोच वास. ओला, खोल, जागा झालेला. त्यांनी गाडी थांबवली, ढिगाच्या कडेची माती पायानं सरकवली. खाली काळी, भुसभुशीत, आणि बोटाएवढी गांडुळं वळवळत होती. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं मेलेलं नाही तर! एक क्षण त्यांची नजर खोडांवर गेली. खोड कापलेलं होतं, आत तपकिरी कडी दिसत होती. त्यांनी नजर काढून घेतली. गांडूळ खोटं बोलत नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. बैलांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. माती जिवंत होती हे खरंच होतं. पण तिच्यात आणखी काय काय जिवंत आहे, हे वासाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते सुनेच्या बागेत राबले. एकेका कोवळ्या रोपाच्या बुडाशी मूठ सोडत गेले. मोहितच्या नावानं सोडत गेले. कंबर धरली तरी थांबले नाहीत. ओळी पुऱ्या होत आल्या तेव्हा दुपारच्या गाडीनं चांदनीला उतरलेली वैजयंती पिशवीसकट थेट बागेतच आली.

ती बांधावर थबकली. प्रत्येक रोपाखाली काळ्या मातीचा ताजा उंचवटा. तिनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांवर चोळली. मग इकडंतिकडं बघितलं. गोदाबाई नव्हती. मध्ये कुणीच नव्हतं.

"मामा," ती म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलत होती. आप्पांच्या हातातलं टोपलं खाली आलं.

"मामा, ही माती कुठली?"

ऊन अजून वर होतं, आभाळ गोळा होत होतं. त्या घटकेला खरं सांगितलं असतं तर दोघांनी मिळून, गडी बोलावून, पावसाच्या आधी सगळी माती खरवडून काढली असती. आप्पांना हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणावं, तर तिचा चेहरा बघून त्यांना बरंच काही समजलं होतं. नाल्यातली तपकिरी कडीही डोळ्यांपुढं आली. पण जीभ वळली ती मुठीच्याच बाजूनं.

"जंगलची," ते म्हणाले. "वरची. सागाखालची."

"नक्की?"

"हाव. मंग काय!"

वैजयंतीनं श्वास सोडला. "मग ठीक आहे. मी उगाच टेन्शन घेतलं." आणि हसून, पदर सावरत, ती घराकडे वळली. संध्याकाळी जोराचा पाऊस आला. माती झिरपत मुळांशी गेली. आप्पा ओट्यावर बसून तो पाऊस बघत होते. गोदाबाईनं घोंगडी आणून दिली. आणि तेव्हा बोलता बोलता गोदाबाईच्या तोंडून निघून गेलं, की सुनेनं नाल्याच्या मातीचंही काहीतरी म्हटलं होतं, पण तो वाईट शब्द दिवेलागणीला कशाला, म्हणून तिनं सांगितला नाही.

त्या वर्षी विरजण न्यायला आलेल्यांना आप्पांनी परत पाठवलं. "यंदा जंगलनं दिलं नाही," म्हणाले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची कुरकुर.

केळी मात्र झपाट्यानं वाढली. श्रावणात पानं माणसाच्या डोक्यावर गेली. भादव्यात बागेत शिरलं की वरचं आभाळ दिसेना. जो तो म्हणे, आप्पांच्या हाताची करामत. हे ऐकलं की आप्पा उठून जायचे. बागेत ते पाऊल टाकत नव्हते, पण रोज बांधावर येऊन बसायचे आणि सगळ्यात खालची पानं बघायचे, एकेका झाडाची, ओळीनं. गोदाबाईला वाटलं, नजर लागू नये म्हणून बसतात. दिवाळीला मोहित आला, बागेत फिरला, खूश झाला. साहेबाला सांगून टाकतो, म्हणाला, मकर संक्रांतीपर्यंत मोकळा होतो. बापाच्या पाया पडला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

कार्तिक सरत आला. हवेत गारवा होता, आणि नाल्याच्या बाजूनं उगवतीला तांबूस धूळ उठायची. एका सकाळी आप्पांना मधल्या ओळीत एक पान दिसलं. कडेनं पिवळं. फक्त कडेनं, हळदीचं बोट फिरवावं तेवढंच. दुसऱ्या दिवशी ते पान खोडाशी मोडून लोंबत होतं आणि शेजारच्या झाडाला तसलंच बोट लागलं होतं.

त्या दिवशी वैजयंती विळा घेऊन आली. आता ती त्यांच्याशी बोलायची, पण मोजकं, आणि श्रावणात एकदा नाल्यावरून फिरून आल्यापासून मातीचा विषय तर तिनं काढलाच नव्हता. ती ओळीत शिरली, त्या झाडापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. विळ्याचा कच्चा, ओला आवाज आला.

बांधावरून आप्पांनी हाक मारली. "काय निघालं व पोरी?"

तिनं लगेच वळून बघितलं नाही. कापलेला तुकडा तिनं पायाखाली सरकवला, विळा पदराला पुसला.

"पांढरं," ती म्हणाली. "साफ पांढरं, मामा. ऊन लागलंय."

आप्पांनी मान हलवली. पदरावर उमटलेला तपकिरी पट्टा त्यांना बांधावरून दिसत होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं, की हिला आजच नव्हे, केव्हाचं ठाऊक आहे माती कुठली ते. तरी ती त्यांना सांभाळून घेत होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्या म्हाताऱ्याला वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती तिथंच, केळीच्या हिरव्या सावलीत उभी राहून बोलली. आवाज नेहमीसारखाच होता.

"हां मोहित... हो, मस्त आहे बाग... अरे हां, सगळे बरे आहेत, मामा पण. सुनो ना, एक बोलायचं होतं." ती थांबली. तिनं बांधाकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला, पण त्या सकाळी वारा नव्हता आणि आप्पांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"नोकरी सोडायचं साहेबांना सांगितलंस का? नाही ना? मग राहू दे. सांगू नकोस."